दादाचा काटा आणि काकांचं घड्याळ

गेल्या पावसाळ्यात पुतण्याचा पुण्याहून फोन आला. "काका, नानाआजोबांची मॉरिस चालू झाली. इंजिन झकास आहे, ब्रेक लागतात. फक्त स्पीडोमीटर खोटं बोलतोय."

मी विचारलं, "किती खोटं?"

"शंभराला वीस."

आमच्या घरातल्या कुणाही जुन्या माणसाला हे ऐकून धस्स झालं असतं. का, ते सांगायचं तर आधी १९६८ सालच्या एका रात्रीकडे जावं लागेल. आणि तिथून मग बरंच मागे, थेट इंग्लंडातल्या कुंपणाआड लपलेल्या पोलिसांपर्यंत. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे साधी गोष्टही सरळ सांगता येत नाही, एवढं सांभाळून घ्या.

आमचे वडील, नाना, तालुक्याच्या कोर्टात वकिली करत. त्यांच्याकडे १९५१ सालची मॉरिस मायनर होती. अलेक इसिगोनिस या अभियंत्याने आखलेली ही गाडी १९४८ साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांनी पाहिली. पुढे ती १६ लाखांहून अधिक तयार झाली. त्यातली एक आमच्या दारात, गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या छपराखाली उभी असे. गावात तेव्हा चारचाकी म्हणजे ही एक आणि साखर कारखान्याची जीप.

१९६८ च्या जानेवारीत एका रात्री नानांच्या छातीत कळ आली. तालुक्यात दवाखाना होता, पण डॉक्टर म्हणाले, मिरजेला न्या. मिरज आमच्यापासून ३० मैल. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तेव्हा पंचविशीचा. तो गाडी चालवायला बसला. शेजारी आबाकाका. मागे नाना आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी. मी सतरा वर्षांचा होतो. रस्ता मोकळा होता, थंडी मी म्हणत होती, आणि गाडीत कुणी बोलत नव्हतं.

आम्ही साडेतीनला निघालो आणि चार पंचवीसला पोचलो. ही वेळ काकांची. त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं आणि ते वाटभर त्याच्याकडेच बघत होते. उजाडायच्या आत नाना गेले. थोडं आधी आणलं असतं तर कदाचित काही करता आलं असतं, असं तिथे कुणीतरी बोलून गेलं. अशा वेळी माणसं काहीतरी बोलतात. पण ते वाक्य काकांच्या कानात राहिलं.

तेराव्याला काकांनी चारचौघांत हिशेब मांडला. "तू म्हणतोस, काटा ४० च्या खाली आणला नाही. मग ४० ने ३० मैलांना किती वेळ लागतो? पाऊण तास. आपल्याला लागली पंचावन्न मिनिटं. मधली दहा मिनिटं कुठं गेली?"

दादा म्हणाला, "काका, मी काटा बघत होतो. तो ४० वर होता."

"आणि मी घड्याळ बघत होतो."

एवढंच. भांडण असं झालं नाही. पण काका आणि दादा पुढची १९ वर्षं कामापुरतं बोलले. काका १९८७ साली गेले. दादाने त्या रात्रीनंतर मॉरिसच्या चाकाला हात लावला नाही. गाडी काही वर्षं भाड्याचा ड्रायव्हर चालवायचा, मग ती छपराखाली उभी राहिली ती राहिलीच. दादा २०१९ साली गेला. आणि मी? मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी कधी काही बोललो नाही. पण मनातून मी काकांच्या बाजूचा होतो. घड्याळ खोटं कसं बोलेल? दादा घाबरला असेल, वळणावर हळू घेतली असेल, आणि आता ते त्याला आठवत नसेल, अशी मी मनाची समजूत घातली होती.

म्हणून त्या "शंभराला वीस"ने मी दचकलो.

*

आता थोडं मागे जाऊ.

चाकं मोजून अंतर काढायची युक्ती फार जुनी आहे. व्हिट्रुव्हिअस या रोमन स्थापत्यकाराने दोन हजार वर्षांपूर्वी अशा गाडीचं वर्णन करून ठेवलं आहे. चाकाचे ४०० फेरे झाले की रोमन मैल भरायचा आणि दात्यांच्या चक्रातून एक खडा खालच्या भांड्यात पडायचा. संध्याकाळी खडे मोजायचे, की मैल कळले. पण अंतर कळणं वेगळं आणि वेग कळणं वेगळं. खडे मोजून कळतं तुम्ही किती आलात. आत्ता, या क्षणी, किती जोरात चालला आहात हे खडा सांगत नाही. बैलगाडीला आणि टांग्याला ते कळायची गरजही नव्हती.

गरज पडली ती मोटारीमुळे, आणि खरं सांगायचं तर पोलिसांमुळे! इंग्लंडात १८६५ च्या कायद्याने यंत्रावर चालणाऱ्या गाडीला गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल एवढीच मुभा होती. १८९६ साली ती मर्यादा १४ मैलांवर गेली, आणि १९०३ च्या कायद्याने २० मैलांवर. मग पोलीस काय करत? रस्त्याचा एक तुकडा मोजून ठेवत, दोन्ही टोकांना कुंपणाआड दडून बसत, आणि गाडी आली की घड्याळ दाबत. कोर्टात पोलीस म्हणे, माझं घड्याळ असं सांगतं. मोटारवाला म्हणे, छे, मी तर सावकाश चाललो होतो. या सापळ्यांना कंटाळून मोटारवाल्यांनी १९०५ साली 'ऑटोमोबाइल असोसिएशन' काढली. तिचं पहिलं काम काय, तर सायकलवरची माणसं नेमून पुढे पोलीस बसले आहेत याची सभासदांना सूचना देणं. आज ही संस्था रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या दुरुस्त करते. तिचा जन्म मात्र असा घड्याळाच्या धाकातून झाला.

मोटारवाल्याच्या शब्दाला कोर्टात वजन यायचं तर त्याच्याकडेही काहीतरी यंत्र हवं. ते तयारच होतं. ओटो शुल्झ या जर्मन माणसाने १९०२ साली बर्लिनमध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. आणि इंग्लंडात ही यंत्रं घरोघरच्या गाड्यांत कुणी पोचवली? 'एस. स्मिथ अँड सन्स' या लंडनच्या पेढीने. मूळचे हे घड्याळवाले! आमच्या मॉरिसच्या डॅशबोर्डावर तबकडी आहे ती याच स्मिथ कंपनीची. हे मला नव्याने कळलं तेव्हा गंमत वाटली. काकांचं घड्याळ आणि दादाचा काटा तसे एकाच आळीतले.

*

शुल्झची युक्ती इतकी सोपी आहे की सातवीच्या वर्गात दाखवता येईल. गिअरबॉक्सपासून एक लवचिक तार, म्हणजे केबल, तबकडीच्या मागे येते. चाकं फिरली की ती फिरते. तिच्या टोकाला एक लोहचुंबक बसवलेलं असतं. त्याच्याभोवती, पण त्याला न चिकटता, ॲल्युमिनिअमची एक वाटी असते. वाटीला काटा जोडलेला, आणि काट्याला घड्याळात असते तशी केसासारखी बारीक स्प्रिंग.

आता तुम्ही म्हणाल, ॲल्युमिनिअमला लोहचुंबक चिकटत नाही. बरोबर. पण चुंबक फिरायला लागलं की वाटीत विजेचे बारीक भोवरे उठतात, आणि ते वाटीला चुंबकामागून ओढू पाहतात. फिरत्या धातूच्या तबकडीमागे चुंबकसुई ओढली जाते हे फ्रान्सच्या आरागोने १८२४ साली दाखवलं होतं. असं का होतं ते १८३१ नंतर फॅरडेने उलगडलं. चुंबक जितकं जोरात फिरेल तितकी ओढ जास्त. उलट बाजूने स्प्रिंग वाटीला मागे खेचते. दोघांची बरोबरी जिथे होते तिथे काटा थांबतो. वेग मोजायचा म्हणजे एवढंच, एक ओढणारा आणि एक धरून ठेवणारा.

त्याच केबलवरून दुसरं एक काम चालतं. दात्यांच्या चक्रांची एक साखळी खालच्या खिडकीतले आकडे पुढे ढकलते. हा ओडोमीटर, म्हणजे एकूण मैल मोजणारा. त्यात चुंबक नाही, स्प्रिंग नाही. व्हिट्रुव्हिअसच्या खड्यांसारखी ती शुद्ध मोजणी आहे. केबल अमुक इतके फेरे फिरली की एक मैल, बस्स.

जुन्या गाडीचा स्पीडोमीटर चुकत असेल तर पहिली गोष्ट बघायची ती ही, की चुकतंय कोण. नुसता काटा, की काटा आणि आकडे दोन्ही?

नुसता काटा चुकत असेल तर दोष तबकडीच्या आत आहे. चुंबक म्हातारं झालं की त्याची ओढ कमी होते आणि काटा कमी दाखवतो. स्प्रिंग सैल झाली की काटा जास्त दाखवतो. वंगण घट्ट झालं, केबल कोरडी पडली, की काटा नाचतो. पण काटा आणि आकडे दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकत असतील, तर स्प्रिंगला आणि चुंबकाला बोल लावण्यात अर्थ नाही. मग तबकडी ठीक आहे, तिला मिळणारी माहितीच तिच्या हिशेबाची नाही. टायर लहानमोठे बसवले असतील, मागच्या आसाचे गिअर बदलले असतील, किंवा तबकडीच दुसऱ्या जातीच्या गाडीची असेल.

पुतण्याने हे सगळं केलं होतं. तो इंजिनिअर आहे, पण तुमच्याआमच्यासारख्या माणसालाही हे करता येतं. हमरस्त्यावर किलोमीटरचे दगड आहेत. गाडी एका वेगाला स्थिर धरायची, शेजारच्याने दोन दगडांमधले सेकंद मोजायचे आणि ३६०० ला त्या आकड्याने भागायचं. निघेल तो ताशी किलोमीटरमधला खरा वेग. हल्ली मोबाइलही सांगतो. मॉरिसची तबकडी मैलांची, म्हणून आणखी १.६०९ ने भागायचं. खरा वेग ताशी ४० मैल असताना आमच्या गाडीचा काटा ४८ दाखवत होता. मग त्याने दगड मोजून १० किलोमीटर गाडी नेली. म्हणजे ६.२ मैल. ओडोमीटर पुढे सरकला होता साडेसात मैलांना किंचित कमी. दोन्हीकडे चूक एकच, शंभराला वीस.

म्हणजे काटा म्हातारा झाला नव्हता. तो ज्या दिवशी त्या गाडीत बसला, त्या दिवसापासूनच असा होता.

हे ऐकल्यावर मी दुसऱ्या दिवशीची एसटी धरली आणि गावी गेलो. पुतण्याही सुट्टी काढून आला.

*

स्मिथच्या तबकडीवर एक बारीक आकडा छापलेला असतो. गाडी चालवणाऱ्याला तो कधी दिसत नाही, दिसला तरी कळत नाही. केबलच्या किती फेऱ्यांना ही तबकडी एक मैल मानते, तो हा आकडा. वेगवेगळ्या गाड्यांच्या तबकड्यांवर तो वेगवेगळा असतो. आमच्या तबकडीवर होतं १२८०.

मग आमच्या गाडीची केबल एका मैलाला खरोखर किती फिरते? तेही अंगणात काढता येतं. जुने मेकॅनिक याला सहा फेऱ्यांची चाचणी म्हणत, असं पुतण्याने कुठे वाचलं होतं. केबल तबकडीपासून सोडवायची. आतल्या तारेला पुठ्ठ्याचा छोटा बाण टोचायचा. गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची आणि मागच्या चाकाचे सहा फेरे होईपर्यंत सरळ ढकलायची. चाकावर खडूची खूण केली की फेरे मोजता येतात. तोवर बाण किती वेळा फिरला ते मोजायचं. मग चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची इंचांत घ्यायची. बाणाच्या फेऱ्यांना १६८० ने गुणायचं आणि त्या इंचांनी भागायचं. हा १६८० कुठून आला, असं वर्गातला एखादा पोरगा विचारेल. मैलात ६३,३६० इंच असतात. त्याला चाकाच्या सहा परिघांनी भागताना जे ठरलेले आकडे उरतात, ते एकत्र केले की १६८० येतात.

पुतण्या आणि शेजारचे दोघे गाडी ढकलत होते. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसून बाण मोजत होतो. दादाच्या जागेवर मी त्या दिवशी पहिल्यांदा बसलो. बाण साडेदहा वेळा फिरला. चाकाची उंची साडेअकरा इंच. गुणाकार-भागाकार केला, उत्तर आलं १५३४. तबकड्यांवर छापतात त्या आकड्यांत याच्या जवळचा आकडा १५३६. आणि १५३६ भागिले १२८० म्हणजे बरोबर एक पूर्णांक दोन दशांश. शंभराला वीस जास्त.

तबकडी आमच्या गाडीची नव्हतीच.

इथे मला आनंद व्हायला हवा होता. पण सवय जात नाही. मी वर्गात पोरांना नेहमी विचारायचो, "हा कागद कधीचा?" तसं मी स्वतःला विचारलं, ही तबकडी कधीची? १९६८ नंतर त्या भाड्याच्या ड्रायव्हरने बदलली असेल तर? मग त्या रात्रीबद्दल ती काहीच सांगत नाही.

उत्तर माळ्यावर होतं. नाना वकील होते, कागद टाकत नसत. गाडीची त्यांची एक वही होती, लांबट, कापडी पुठ्ठ्याची. पेट्रोल, ऑइल, पंक्चर, सगळं तारीखवार. १९६६ च्या ऑक्टोबरात नोंद सापडली: 'मीटर बंद. कोल्हापुरास दुसरा बसविला, जुना चालू, रु. ४०.' म्हणजे मोडीत निघालेल्या कुठल्यातरी गाडीचा. त्या काळी परदेशी सुटे भाग मिळायची मारामार होती, आणि भोकात बसला तो भाग आपला, असाच रिवाज होता. त्या मेकॅनिकचा दोष म्हणता येत नाही. तबकडीवरच्या त्या बारीक आकड्याचा अर्थ त्याला कुणी सांगितलाच नव्हता.

पुढच्या पानांवर तर पुरावाच होता. नाना कामासाठी मिरजेला जात, तेव्हा निघतानाचा आणि परत आल्याचा आकडा लिहीत. वजाबाकी मात्र करत नसत, ती महिन्याअखेर एकदम. ती वजाबाकी मी केली. १९६६ च्या ऑक्टोबरआधी मिरज जाऊन-येऊन ६०, ६१, ६०. त्यानंतर ७२, ७३, ७२, ७२. रस्ता तोच, गाडी तीच.

नानांसारख्या चौकस माणसाच्या हे लक्षात कसं आलं नाही? आलं होतं, पण भलत्याच वाटेने. १९६७ च्या मार्चमध्ये त्यांनी लिहिलंय: 'पूर्वी लिटरास ७ मैल, आता साडेआठ. कार्बोरेटर साफ केल्याचा गुण दिसतो.' मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. नानांना काट्याने असं खूश करून ठेवलं होतं.

'लिटरास मैल' हेही बघा. वजनं-मापं दशमान करणारा कायदा १९५६ चा. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. १९५८ पासून मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्याने येऊ लागली आणि १९६२ पर्यंत शेर-छटाकाचा व्यवहार कायद्याने संपला. पेट्रोल गॅलनऐवजी लिटरने मिळू लागलं. आमच्या रस्त्यावरचे मैलांचे दगड त्याच सुमारास निघाले आणि किलोमीटरचे आले. गाडी मात्र मैलच मोजत राहिली. तोवर कुणीही दोन दगडांमध्ये खिडकीतला आकडा सहज पडताळून बघू शकत होता. आता दगड एक भाषा बोलायचा आणि गाडी दुसरी. ही तबकडी आमच्या घरात आली ती नेमकी त्या दुभाषी वर्षांत. एरवी ती महिनाभरात पकडली गेली असती, असं मला वाटतं.

*

आता त्या रात्रीचा हिशेब पुन्हा मांडतो.

काटा ४० वर. खरा वेग ४० भागिले १.२, म्हणजे ताशी ३३ मैल आणि एक तृतीयांश. या वेगाने ३० मैलांना लागतात ५४ मिनिटं. काकांच्या घड्याळाने ५५ मोजली.

दादाने एक मिनिट वाया घालवलं, असं फार तर म्हणता येईल. तेही मिरजेतल्या रेल्वे फाटकापाशी गेलं असेल.

दोघेही खरं बोलत होते. एकजण काटा बघत होता, एकजण घड्याळ, आणि दोघांनी आपापल्या यंत्राने सांगितलं तेच प्रामाणिकपणे सांगितलं. तेराव्याला आम्ही वीस-पंचवीस माणसं बसलो होतो. त्यात दोन वकील होते, एक शिक्षक होते. दादा खोटं बोलतोय की काकांना शोकाने काही सुचत नाहीये, एवढे दोनच पर्याय सगळ्यांना दिसले. दोन साक्षीदार जुळत नसले तर साक्षीदारांना धरण्याआधी मोजमाप तपासावं, हे कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही. आणि मी पुढे ३४ वर्षं शाळेत पोरांना इतिहासाची साधनं तपासायला शिकवत होतो.

त्या दहा मिनिटांनी नाना वाचले असते का? ते स्पीडोमीटर सांगू शकत नाही, आणि मीही सांगणार नाही. एवढं मात्र नक्की, की काट्याने दादाला खरं सांगितलं असतं तर त्याने गाडी आणखी दामटली असती. मोकळा रस्ता होता. मॉरिस ५० ला आरामात जायची.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. स्पीडोमीटर थोडा जास्त दाखवतो, यात आज कुणी चूक मानत नाही. इंग्लंडात १९३७ पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचा झाला, तेव्हा शंभराला दहा इकडे किंवा तिकडे चालत असे. आजचा संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम अनेक देश पाळतात. त्यानुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त किती, तर खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ताशी ४ किलोमीटर. म्हणजे खरा वेग ८० असेल तर काटा ९२ दाखवू शकतो आणि तरी कायद्याने बरोबर ठरतो. चालकाने बेतात चालवावं म्हणून ही मुद्दाम ठेवलेली सूट आहे. घाईने दवाखान्यात निघालेल्या माणसाचा विचार त्यात नाही, आणि असूही शकत नाही.

*

राहिला दुरुस्तीचा प्रश्न. वाटा तीन होत्या.

पहिली, योग्य आकड्याची जुनी तबकडी शोधायची. परदेशात मिळते, पण मग ही तबकडी काढून ठेवावी लागणार. दुसरी, हीच तबकडी उघडायची. काटा जास्त दाखवतो तर चुंबकाची ताकद विजेच्या वेटोळ्याने थोडी उतरवता येते. पण त्याने फक्त काटा सुधारतो. ओडोमीटरची दात्यांची चक्रं बदलावीच लागतात, नाहीतर वेग खरा आणि मैल खोटे. तिसरी वाट म्हणजे तबकडीला हात न लावता, केबल आणि तबकडी यांच्यामध्ये एक छोटी डबी बसवायची. तिच्यातली दात्यांची चक्रं फेऱ्यांचं प्रमाण बदलतात. केबल सहा फेरे फिरली की तबकडीला पाचच पोचवायचे. काटा आणि आकडे दोन्ही एकदम सरळ होतात.

मी तिसरी निवडली. पुतण्याने विचारलं, का? मी म्हणालो, "ती तबकडी कागदपत्र आहे. कागदपत्रावर खाडाखोड करत नाहीत."

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्याने डबी करून दिली. २५ दात्यांचं चक्र ३० दात्यांच्या चक्राला फिरवतं. दोनच चक्रं ठेवली तर फिरण्याची दिशा उलटते, म्हणून दोघांच्या मध्ये तिसरं. ते प्रमाण बदलत नाही, फक्त दिशा राखतं. लेथवाला तरुण होता, माझी सगळी कथा त्याने कान देऊन ऐकली आणि पैसे मात्र पूर्ण घेतले! ते बरंच झालं.

डबी बसवल्यावर पुन्हा दगड मोजले. मोबाइल ६४ किलोमीटर म्हणत होता, काटा ४० वर. १० किलोमीटरला ओडोमीटर ६.२.

गावाकडच्या घरी वहिनी एकट्या असतात. दादाच्या माघारी त्या फार बोलत नाहीत. मी नानांची वही, माझी वजाबाकी आणि तबकडीवरचा तो आकडा त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं समजावून सांगितलं, मास्तरी पद्धतीने, दोनदा. त्यांनी वहीवर हात फिरवला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "हे रात्री झोपेत कितीदा म्हणायचे, काटा ४० वर होता. मी म्हणायची, असेल हो, झोपा आता." थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझाही विश्वास नव्हता."

मग आम्ही तिघं मॉरिसमधून मिरजेपर्यंत जाऊन आलो. वहिनी पुढे बसल्या. जाताना रस्त्यावर रहदारी बेसुमार होती, त्यामुळे दीड तास लागला. आकडे मात्र बरोबर ३० ने पुढे गेले. नानांच्या वहीत शेवटच्या नोंदीखाली बरीच पानं कोरी आहेत. पुतण्याने तिथे तारीख घालून ते लिहिलं.

तुमच्या घरी अशी एखादी जुनी गाडी असेल तर तबकडीवरचा तो बारीक आकडा एकदा जरूर बघा. सहा फेऱ्यांची चाचणी करायला खडू, पुठ्ठा, मोजपट्टी आणि ढकलायला दोन माणसं पुरतात. गाडी चालवणारं माणूस अजून हयात असेल, तर ती लवकर करा. असो.